खेळताना बंद पडणारा कॉम्प्युटर आणि कारणाचा शोध

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय, व्याप्ती कशी ठरते आणि कुठे फसते, हे जरा कोरडेपणानेच पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की सर, पर्वतावरचा धूर आता पुरे, रोजच्या व्यवहारातलं काहीतरी घ्या. म्हणून आज एक घरगुती विषय घेतो आहे. गेम खेळताना मध्येच बंद पडणारा कॉम्प्युटर.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं काहींना वाटेल. पण मी तर्कशास्त्र शिकवत होतो तेव्हा असं उदाहरण हाताशी असतं तर फार बरं झालं असतं. यात दोष खरा आहे, पण तो हुकमी दिसत नाही. संशयित सात-आठ आहेत. प्रत्येक संशयिताची किंमत वेगळी, कुणी फुकट तर कुणी चाळीस हजारांचा. आणि चौकशी सुरू व्हायच्या आधीच घरातल्या प्रत्येकाचा निकाल तयार आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका घराचं उदाहरण घेतो. नावगाव सांगत नाही. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉम्प्युटर त्याने स्वतः सुटे भाग आणून जोडलेला, ग्राफिक्स कार्ड २२० वॉट खाणारं. संध्याकाळी मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला बसला की तासा-दोन तासांत पडदा काळा आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू. दुपारी अभ्यास करताना, लेक्चर बघताना, कोड लिहिताना काहीही होत नाही. वडिलांनी निदान केलं, ‘गेम खेळतो म्हणून बिघडतो,’ आणि गेम बंद. दुकानदाराने निदान केलं, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या. मित्राने निदान केलं, ड्रायव्हर बदल. दोन महिने त्या घरात जेवणाच्या टेबलावर बाप-लेकांत धड बोलणं नव्हतं. वडिलांना वाटे, पोरगा पैसे उडवतो. पोराला वाटे, वडिलांना काही कळत नाही. आणि त्याच खोलीत रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसणाऱ्या आजींना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे मी नंतर येतो.

आधी वडिलांचं वाक्य घेऊ. त्याला हसू नका, कारण निरीक्षण म्हणून ते बरोबर आहे. बंद पडला तेव्हा गेम चालू होता, गेम नव्हता तेव्हा बंद पडला नाही. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. मग चुकतंय काय? इथे आपल्या नैयायिकांनी एक फार सुंदर शब्द दिला आहे, उपाधी. मागच्या वेळी पाहिलं होतं, आठवत असेल. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं, पण उलट फिरवून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं की फसतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. जिथे जिथे धूर आहे तिथे ते आहे, पण जिथे जिथे अग्नी आहे तिथे ते असेलच असं नाही.

आता गेमकडे या. त्या मुलाला मी विचारलं, तू याच कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतोस का? म्हणाला, खेळतो की, तासन्‌तास. बंद पडतो? नाही. झालं, हा आपला लाल गोळा. गेम आहे, बिघाड नाही. मग दुसरी बाजू तपासायची. गेम नसताना तेवढंच ओझं टाकायचं. त्यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. फरमार्क ग्राफिक्स कार्डाला राबवतो, प्राइम-९५ प्रोसेसरला राबवतो, ओसीसीटी दोघांनाही आणि रॅमलाही. दोन्ही एकदम लावून तो संध्याकाळभर बसला, आणि कॉम्प्युटर गेमशिवाय बंद पडला. म्हणजे ‘गेम’ हे कारण नव्हे. ‘भार’ ही उपाधी मधे लपलेली होती. जड गेम हा असा एक प्रसंग आहे की ज्यात प्रोसेसर, कार्ड, रॅम, पंखे आणि वीज या सगळ्यांवर एकाच वेळी ओझं येतं. एरवी घरात कुणी यांना एवढं राबवतच नाही. दोष कुठलाही असो, उघडा पडतो तो खेळताना.

वडिलांच्या वाक्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, तिला मी दोषारोप म्हणेन. कारण आणि दोषी या दोन वेगळ्या कल्पना आहेत. मुलगा खेळतो हे त्यांना आवडत नव्हतं, म्हणून ते कारण त्यांना पटकन पटलं. मराठीत आपण ‘दोष’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो, आणि त्यामुळेही घोटाळा होतो.

असो. आता खऱ्या तपासाला लागू. पण त्याआधी एक व्यवहाराची सूचना: ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे, त्यातल्या महत्त्वाच्या फाइल्स, फोटो, कॉलेजचं काम आधी बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. का, ते रॅमबद्दल बोलताना सांगतो.

पहिला प्रश्न : ‘क्रॅश होतो’ म्हणजे नेमकं काय होतं? हा शब्द फार लबाड आहे. चार अगदी निराळ्या घटना त्याच्यात कोंबल्या जातात. कधी नुसता गेम नाहीसा होतो आणि विंडोज शाबूत असतं. असं एकाच गेममध्ये होत असेल तर बहुधा त्या गेमच्या फाइल्स बिघडल्यात, त्या तपासून दुरुस्त करायची सोय गेमच्या दुकानातच असते, फार खोल जायला नको. कधी पडदा गोठतो किंवा काळा होतो पण आवाज चालू राहतो, मित्रांचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकू येतं. तेव्हा नजर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे आणि कार्डाकडे जाते. कधी विंडोज स्वतः हात वर करतं आणि कोड लिहिलेला पडदा दाखवतं. तो वर्षानुवर्षं निळा होता, २०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा झाला. आणि कधी काहीच नाही, निरोप नाही, कोड नाही, जणू कुणी प्लग ओढला. हा चौथा प्रकार विजेकडे बोट दाखवतो. सिद्ध करत नाही, बोट दाखवतो. आमच्या मुलाचा प्रकार हा चौथा होता, पण दुकानात सांगताना तो नुसतं ‘क्रॅश’ म्हणाला होता, आणि दुकानदाराने त्याच्या अनुभवात जास्त बसणारं कारण सांगून टाकलं.

दुसरा प्रश्न साक्षीचा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक रोजनिशी असते. बंद पडल्यानंतर तिथे जाऊन त्या वेळेची नोंद बघायची. बहुतेकांना तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडते, आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून ते लगेच एसएमपीएस बदलायला धावतात. पण ही नोंद कॉम्प्युटर मरताना लिहिलेली नसते, पुन्हा उठल्यावर लिहिलेली असते. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं. तो पंचनामा आहे, निकाल नव्हे. तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच सगळं संपलं, हे मात्र कळतं. तो आकडा शून्य नसेल तर तो खरा धागा, आणि मग विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनीडंप फाइल्स उघडून बघाव्यात. डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाची नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतः चूक कबूल केली आहे. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर काही वेळ गप्प बसला आणि विंडोजने त्याला पुन्हा उठवलं. ही वाट बघण्याची मर्यादा एरवी दोन सेकंदांची असते.

साक्ष म्हटली की शब्दप्रमाण आलं. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो. एरर मेसेज हा आप्त आहे का? खोटं तो बोलत नाही. पण त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो, आणि त्याला फार थोडं दिसतं. याचं अलीकडचं जगप्रसिद्ध उदाहरण देतो, त्यावर जरा वेळ घालवायला हरकत नाही.

इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आले, चौदाव्या पिढीचे २०२३च्या ऑक्टोबरमध्ये. त्यातले वरच्या दर्जाचे प्रोसेसर घेतलेल्या काही लोकांचे गेम पडायला लागले, विशेषतः अनरिअल इंजिनवर बनवलेले. पडद्यावर निरोप काय यायचा? व्हिडिओ मेमरी संपली. आता व्हिडिओ मेमरी असते ग्राफिक्स कार्डावर. साहजिकच लोकांनी कार्डावर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डंही बदलली. ज्यांच्या कार्डावर भरपूर मेमरी रिकामी होती त्यांनाही हाच निरोप येत होता, आणि ही विसंगती खरं म्हणजे पहिल्याच दिवशी कान टवकारायला लावणारी होती. झालं होतं असं : गेम सुरू होताना दाबून बांधलेली बरीचशी माहिती सोडवावी लागते, आणि ते काम प्रोसेसर करतो. प्रोसेसर मधूनच एखादं गणित चुकवत होता. त्यातून निघालेली माहिती भ्रष्ट, ती पुढच्या टप्प्यावर गेली, तिथे अर्थ लागेना, आणि तिथल्या प्रोग्रॅमने त्याच्या परीने सांगितलं की मेमरी मिळाली नाही. घाव एकीकडे, ओरड दुसरीकडे. पोटातलं दुखणं खांद्यात जाणवतं, तसं.

हे उलगडलं कसं? कुणीतरी प्रोसेसरचा वेग थोडासा कमी करून पाहिला, कार्डाला हातही न लावता. गेम पडणं थांबलं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या त्याच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ज्या रीती सांगितल्या, त्यात सहचारी बदलाची एक रीत आहे : एक गोष्ट कमीजास्त केली की दुसरी त्याबरोबर कमीजास्त होते का ते पाहा. तीच ही. पुढे २०२४च्या एप्रिलमध्ये एनव्हिडियानेही हा निरोप येणाऱ्यांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलैमध्ये इंटेलने जाहीर केलं की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्या व्होल्टेजने त्याच्या आतला एक भाग कालांतराने झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बायोसमधून घालायच्या दुरुस्त्या आल्या, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण एक लक्षात ठेवा, दुरुस्तीने झीज थांबते, झिजलेलं भरून येत नाही. तुमच्याकडे या दोन पिढ्यांचा डेस्कटॉप असेल तर बायोस अद्ययावत करा. तरीही त्रास होत असेल तर प्रोसेसर बदलून मागणं हाच उपाय आहे.

आता आपल्याकडच्या दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल थोडं बोलतो, आणि ते प्रेमाने बोलतो. दुकानात कॉम्प्युटर नेला की काय करतात? आपल्याकडे त्या सबंध डब्यालाच सीपीयू म्हणतात, तर तो सीपीयू उघडतात, ब्लोअरने धूळ उडवतात, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसतात, परत बसवतात, प्रोसेसरला नवीन पेस्ट लावतात आणि जाता जाता फॉरमॅट मारून देतात. यातली एकही गोष्ट मूर्खपणाची नाही. कोकणात, मुंबईत दमट हवेने पट्ट्यांवर थर चढतो, पुसल्याने आणि पुन्हा बसवल्याने फरक पडतो. पण पाच गोष्टी एकदम केल्या, आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर आपल्याला काय कळलं? काहीच नाही. आठ दिवसांनी पुन्हा बंद पडला तर त्या पाचांपैकी काय उलटलं तेही कळणार नाही. दुकानदाराचं ठीक आहे, त्याला गिऱ्हाईक मार्गी लावायचं असतं. आपल्याला घरी वेळ आहे. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि तो तारखेसकट वहीत लिहायचा. वही याच्यासाठी की आठवण नेहमी आपल्या लाडक्या मताच्या बाजूने साक्ष देते. ‘अपडेट आलं त्याच दिवसापासून सुरू झालं’ असं लोक ठामपणे सांगतात, आणि वही असेल तर त्यात दोन दिवस आधीची नोंद सापडते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आणि कुठला बदल आधी करायचा? सगळ्यात संभाव्य तो आधी, असं पुस्तकी उत्तर. मी म्हणेन, फुकट आणि परत फिरवता येण्याजोगा तो आधी. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो नावाचा पर्याय असतो. रॅमच्या पाकिटावर छापलेला मोठा वेग त्याने मिळतो, पण तो वेग म्हणजे मूळ प्रमाणित वेगाच्या वर ओढलेला असतो. डीडीआर-५ची ६००० वेगाची म्हणून विकली जाणारी रॅम हा पर्याय बंद केला की साधारण ४८०० वर चालते. हे बंद करून चार दिवस खेळा. एक मिनिटाचं काम, खर्च शून्य, नको तर परत चालू. मी पाहिलेल्या कॉम्प्युटरांत एवढ्याने थांबलेले बरेच आहेत.

नंतर मेमटेस्ट-८६. पेनड्राइव्हवर घालून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. इथे निकष कडक आहे : एकही चूक चालत नाही. कोट्यवधी घरांमधून एक घर चुकलं तर काय बिघडलं, असं म्हणू नका. गेममध्ये ते एक घर म्हणजे एक बंद पडलेली संध्याकाळ, पण त्याच घरातून तुमचे फोटो, तुमचा प्रोजेक्ट, घरचा हिशोबही जातो-येतो. बिघडलेली रॅम गाजावाजा न करता फाइलमध्ये चुकीची अक्षरं लिहून ठेवते, आणि ते सहा महिन्यांनी कळतं. फाइल्स आधी उतरवून ठेवा म्हटलं ते यासाठी. खेळताना कॉम्प्युटर पडला म्हणून त्या मुलाचं काही फार गेलं नाही. पण तसाच दोष एखाद्याच्या प्रबंधाच्या फाइलवर आला असता तर?

उष्णतेबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो की गरम झाला म्हणून बंद पडला. मे महिन्यात तो समज आणखी पक्का होतो. पण आजचे प्रोसेसर आणि कार्डं एवढी भोळी राहिली नाहीत. ती गरम झाली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांपर्यंत, एएमडीचे सात हजार मालिकेतले ९५ पर्यंत जाऊ देतात आणि तिथे स्वतःला आवरतात. म्हणून नुसतं तापणं असेल तर गेम आधी रखडायला हवा, अडखळायला हवा. न रखडता एकदम बंद पडत असेल तर उष्णतेवरचा संशय थोडा सैल करा. सोडून देऊ नका, कारण कार्डावरची मेमरी आणि वीज पुरवणारे भाग यांचं तापमान वेगळं असतं. परीक्षा सोपी आहे. कॅबिनेटची बाजू काढा आणि समोर टेबल फॅन लावा. यापेक्षा स्वस्त व्यतिरेक मला माहीत नाही. वेळेचाही धागा बघा. उष्णता साचायला दहा-वीस मिनिटं घेते. विजेचा धक्का साचत नाही, तो एकदम येतो, सामना सुरू होतानाच्या क्षणी, दृश्य बदलताना.

आणि आता वीज. ग्राफिक्स कार्ड २२० वॉटचं म्हणजे सरासरी २२०. मिलिसेकंदांपुरतं ते त्याच्या बरंच वर उडी मारतं. या उड्या इतक्या त्रासदायक ठरल्या की २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने क्षणभरासाठी दुप्पट भारही झेलला पाहिजे अशी अट मोठ्या कार्डांसाठी घातली गेली. जुना किंवा स्वस्त एसएमपीएस अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच वायरची दोन टोकं लावू नका, दोन वेगळ्या वायरी लावा. मित्राचा एसएमपीएस लावून बघायचा असेल तर त्याच्याच वायरींसकट लावा. सुटणाऱ्या वायरींची टोकं सारखी दिसतात, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि नको तिथे बारा व्होल्ट गेले तर ड्राइव्ह जळते. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक असतो.

पण भिंतीपासून एसएमपीएसपर्यंतचा जो प्रवास आहे, तिकडे आपण बघतच नाही. परदेशात तयार झालेल्या सल्ल्यांत तो प्रवास नसतोच. तिथे प्लग भिंतीत, संपलं. आपल्याकडे मधे यूपीएस असतो. त्या मुलाचा यूपीएस सहाशे व्हीएचा होता, घरात आठ वर्षांपूर्वीच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी घेतलेला. सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॉट नव्हेत. अशा यूपीएसवर बारीक अक्षरांत साधारण ३६० वॉट लिहिलेलं असतं. आता बेरीज करा. कार्ड २२०, प्रोसेसर जोरात असताना शंभराच्या वर, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह मिळून चाळीस-पन्नास, मॉनिटर तीस, आणि एसएमपीएस स्वतः दहा-पंधरा टक्के खातो. सव्वाचारशे-साडेचारशे झाले. भिंतीतून वीज येत असते तोवर असा यूपीएस ती बहुतांशी तशीच पुढे सोडतो, म्हणून निभतं. पण संध्याकाळी सोसायटीचा पंप चालू झाला, लिफ्ट हलली, दोन-चार एसी लागले की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. ट्यूबलाइट जाणवेल न जाणवेल इतकी लवते. यूपीएसला वाटतं लाइट गेली, तो बॅटरीवर जातो. बॅटरी म्हातारी. दुपारी कोड लिहिताना ऐंशी-शंभर वॉटचं ओझं असतं, ते ती पेलते. गेमचं ओझं आलं की मान टाकते. सेकंदाच्या आत व्होल्टेज सावरतं, यूपीएस परत भिंतीच्या विजेवर येतो, आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू झालेला दिसतो. घरातली लाइट गेलेलीच नसते, म्हणून कुणाच्या मनातही येत नाही.

मी मुलाला विचारलं होतं, बंद पडतो त्या क्षणी मॉनिटर कसा दिसतो? ‘सिग्नल नाही’ असं लिहून येतं, की मॉनिटरचा स्वतःचा दिवासुद्धा विझतो? फरक मोठा आहे. एसएमपीएस किंवा कार्ड गेलं तर मॉनिटर जिवंत राहतो, कारण त्याची वीज वेगळी. दोघं एकदम विझले तर दोघांच्या वर जे सामायिक आहे तिथे बघायला हवं. मुलाला सांगता येईना, त्याचं लक्ष शत्रूकडे. तेव्हा आजी बोलल्या. ‘अरे, दोन्ही जातात की. आणि त्याच्या आधी तो खालचा डबा टिक्‌ करतो.’ दोन महिने त्या हे रोज ऐकत होत्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. पण साक्षीदाराला यंत्र कळायची गरज नसते, त्याने पाहिलेलं आणि ऐकलेलं तसंच सांगावं लागतं. त्या अर्थाने आप्त कोण असेल तर आजी, एरर मेसेज नव्हे.

तरीही यावर थांबलो नाही. बाकी काही न बदलता कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसमधून काढून, अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला लावले. आठवडाभर खेळू दिलं. एकदाही बंद नाही. इथे बहुतेक लोक थांबतात. आम्ही पुन्हा यूपीएसला लावला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी टिक्‌. हा परतीचा प्रवास करायचाच. त्याशिवाय आठवडाभर नशीब चांगलं होतं की कारण सापडलं, हे वेगळं करता येत नाही. नवा हजार व्हीएचा, सहाशे वॉटचा यूपीएस आला. नव्या कार्डाच्या किमतीच्या जवळपासही तो खर्च नव्हता. वडिलांचं आणि मुलाचं लगेच सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, पण रोजचा एक विषय कमी झाला.

आठवडाभर का, एक संध्याकाळ का नाही? हे साधं गणित आहे. समजा कॉम्प्युटर सरासरी दोन तासांनी एकदा पडतो, आणि पडण्याची वेळ ठरलेली नाही. तर काहीही दुरुस्त केलं नसतानाही, दोन तास न पडता जाण्याची शक्यता शंभरात सदतीस आहे. म्हणजे तुम्ही एखादी निरर्थक गोष्ट करा, मॉनिटर पुसा, आणि दोन तास खेळा. तिनांतल्या एकापेक्षा जास्त वेळा तुम्हाला वाटेल की पुसल्याने बरा झाला. सहा तास थांबलात तर ती शक्यता शंभरात पाचावर येते. म्हणून एरवीच्या अंतराच्या तिप्पट वेळ तरी द्यायचा. बहुतेक ‘रामबाण उपाय’ या दोन तासांत जन्माला आलेले असतात.

आता प्रश्न घेऊ या. एक चिठ्ठी आली आहे : ‘लॅपटॉपला हे सगळं कसं लावायचं?’ लॅपटॉपमध्ये बरेचसे भाग बदलता येत नाहीत, पण भार बदलता येतो. गेममध्ये फ्रेमचा आकडा साठवर बांधून ठेवा. मेनूसारख्या साध्या दृश्यातसुद्धा काही गेम सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतात. भार कमी केला आणि पडणं थांबलं, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्यापेक्षा उष्णतेत किंवा विजेत असण्याची शक्यता वाढते. लॅपटॉपच्या बाबतीत मी धुळीला पहिला मान देईन, जाळ्या फार बारीक असतात. आणि मूळ अॅडॅप्टर वापरा, कमी वॉटचा चालतो म्हणून लावू नका.

दुसरा प्रश्न, मागच्या रांगेतून. ‘कारण सापडलं नाही, पण फॉरमॅट मारल्यावर चालू झाला, तर बिघडलं कुठे?’ काही बिघडलं नाही. खेळा. मात्र वहीत लिहून ठेवा की कारण माहीत नाही, आणि महत्त्वाच्या फाइल्स काही महिने त्या एकाच यंत्रावर ठेवू नका.

बाईंचा शेवटचा प्रश्न : ‘मेमटेस्ट रात्रभर लावला आणि मध्येच लाइट गेली तर?’ तर तो पहिल्यापासून लावायचा, अर्धवट रात्र मोजायची नाही. त्या वेळी कार्ड राबत नसतं, भार कमी असतो, तेव्हा जुना यूपीएसही दहा-पंधरा मिनिटं तग धरेल. मॉनिटर बंद केला तरी टेस्ट चालू राहते. सकाळी उठून चालू करायचा आणि चुकांचा आकडा बघायचा.